पाकिटातलं पान

१२ फेब्रुवारी

प्रिय शेंगे,

पार्सलला वरून चिकटवलेलं हे पत्र आधी वाच आणि मग दोरी सोड. तू तसं करणार नाहीस, लहानपणापासून तुला आधी दोरी सोडायची घाई. तरी आपलं लिहितो.

आत ते शीट आहे, तुझ्या आईचं वाळवलेलं झाड चिकटवलेलं. हर्बेरियमच्या बाईंनी स्वतः दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून बांधून दिलं. बाई वयाने तुझ्याहून लहान, पण नियमाला माझ्यासारख्या. निवृत्त झाल्यावरही मी रोज सकाळी तिथे त्या वाळवलेल्या झाडांच्या कपाटांत जाऊन बसतो, म्हणून मला जरा सवलत मिळेल असं वाटलं होतं. कसलं काय. अर्जावर अर्ज लिहून घेतले आणि वर बजावलं, 'सर, हरवलं तर तुमच्या मुलीला परत येऊच नका म्हणावं.' मी म्हटलं, तशीही ती कुठे येतेय.

पोस्टात वजन करणाऱ्याने विचारलं, आत काय आहे. म्हटलं, वाळलेलं झाड. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की सगळं सांगावंच लागलं. झाडांनाही नाव-आडनाव असतं, फक्त आडनाव आधी येतं. कंदीलपुष्प हे एक आडनाव, वेलींचं, ज्यांचं फूल कंदिलासारखं दिसतं. त्यांची लांबची भावंडं म्हणजे गवतात दडणारी वीतभर झाडं, त्यांना मी लाडाने बुटकी म्हणतो, त्यांचं आडनाव वेगळं. या बुटक्यांतलं एक मी शोधलं, बायकोने त्याची नोंद केली, आणि मी त्याला तिचं नाव दिलं. जगात त्या झाडाचा हा पहिला नमुना, बाकी सगळे याच्याशी ताडून पाहायचे. आणि जिचं नाव आहे ती आता नाही. 'नाजूक' असा शिक्का त्याने दोन्ही बाजूंनी मारला.

तुझ्या खोलीतलं कपाट तसंच आहे. दौऱ्यावरून येताना तुझी आई दर वेळी तुझ्यासाठी एकेक पान आणायची आणि तू ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचीस, ती पानं आता इतकी ठिसूळ झालीत की मी ते दार उघडतच नाही.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र शिट्टी मारतं, मग तू 'काय, काय' करतेस, मी 'काय, काय' करतो, आणि त्यातच बोलणं संपतं. पत्र लिही. आणि काम झालं की शीट पोस्टाने पाठवू नकोस. मे महिन्यात येणार आहेस ना, घेऊनच ये.

तुझा,
बाबा

९ मार्च

प्रिय बाबा,

दोरी आधी सोडली. पत्र नंतर वाचलं.

पुठ्ठा बाजूला केला आणि जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा तो वास आला, म्हणजे तुमच्या कोटाचाच वास, आणि मी तशीच बसून राहिले. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारायला लागली, बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, धूळ आहे.

खालच्या चिठ्ठीवर आईचं अक्षर आहे, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. 'टेकडीचा माथा, गवतात. फूल जांभळट. वास घाणेरडा.' 'घाणेरडा'खाली तिने रेघ मारली आहे. असल्या वासाच्या फुलाला तुम्ही तिचं नाव दिलंत आणि तरी तिने तुम्हाला घरात राहू दिलं, याचं मला आजही नवल वाटतं.

झाडाला मी कात्री लावली नाही. हातात घेतली होती, पण त्याला धड अशी दोनच पानं, आणि ती आईने खुडून आणलेली. माझा हात धजावला नाही. शीटच्या कोपऱ्यात गळालेलं काहीबाही ठेवायचं ते छोटं पाकीट असतं ना, त्यात एक सुटं पान सापडलं, वाळून गोळा झालेलं. त्यातलं अर्धं घेतलं, अर्धं परत ठेवलं. आता ते दळून त्यातून डीएनए काढायचा. निकालाला वेळ लागेल.

दुसरी गोष्ट मला येऊन सांगायची होती, पण लपवून ठेवणं बरं नाही. बाकीच्या बुटक्यांचे निकाल आलेत. वंशवृक्ष मांडल्यावर ती एका फांदीवर येत नाहीत, बाबा. कंदिलांच्या मध्ये मध्ये, वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत. म्हणजे कंदिलांच्या घरातलीच काही काही, वेगवेगळ्या काळी, वर चढायचं सोडून गवतात बसली आणि बुटकी झाली. त्यांचं वेगळं आडनाव आता टिकत नाही. सगळी कंदीलपुष्पंच.

आईचं नाव मात्र राहतं. आडनाव बदललं तरी नाव बदलत नाही, हा नियम तुम्हीच मला जेवणाच्या टेबलावर शिकवलात, मी शाळेतही जात नव्हते तेव्हा.

इथे खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते आणि तिथे कुणीतरी रोज संध्याकाळी खुर्ची आणून बसतं. त्या बसण्याची ढब तुमच्यासारखी आहे. मी मुद्दाम नीट बघत नाही.

तुमची,
शेंग

३० मार्च

शेंगे,

पत्र मिळालं. निकाल कळला. पाण्याची टाकी गळते आहे. प्लंबर 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच. मी ठीक आहे.

बाबा

ता. क. वरचं लिहून हे पत्र दोन दिवस टेबलावर तसंच ठेवलं. रागावलो होतो. तुझ्यावर नाही, बुटक्यांवर. अख्ख्या नोकरीभर मी ज्यांना वेगळं घर थाटून दिलं, ती निमूटपणे दुसऱ्याच घरची निघाली. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. मग तुझी आई काय म्हणाली असती ते अगदी तिच्या आवाजात ऐकू आलं: 'लग्नात मी आडनाव बदललं तेव्हा तुम्ही काही जेवण सोडलं नव्हतं.' म्हणून उठलो आणि जेवलो.

आडनाव जाऊ दे. तिचं नाव तेवढं राहू दे, शेंगे. तिच्या नावाचं या जगात दुसरं काही नाही. घराच्या दारावरची पाटी माझ्या नावाची, वीजबिल माझ्या नावाचं. ती वर्गात मुलांना चित्रकला शिकवायची, ती मुलंही आता तिला विसरली असतील.

मे महिन्यात कितव्या तारखेला येतेस ते कळव, तुझी खोली झाडून ठेवतो.

२ मे

प्रिय बाबा,

हे पत्र मी किती वेळा सुरू केलं ते विचारू नका.

मी मे महिन्यात येत नाहीये. आमच्या प्रोफेसरांना वंशवृक्षाचा लेख ऑक्टोबरअखेर पाठवायचा आहे आणि मला सोडता येत नाही असं ते म्हणाले. मीही फारसा वाद घातला नाही, कारण तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं. ते का, ते आता सांगते.

आईच्या झाडाचा निकाल महिन्यापूर्वीच आला. साध्या कंदिलाच्या वेलीशी, ती कुठल्याही कुंपणावर चढते ती, तो अक्षर न् अक्षर जुळतो. एकाही ठिकाणी फरक नाही. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

म्हणजे ती वेगळी जात नाहीच. खडकाळ जागी खुरटलेली साधी वेल, असंच लोक म्हणतील. आणि साध्या वेलीला नाव आधीच आहे, शंभराहून जास्त वर्षांचं, म्हणून ते राहणार आणि आईचं नाव त्याच्याखाली बारीक अक्षरांत, 'हेही तेच' म्हणून, मेलेल्या नावांच्या यादीत जाणार. प्रोफेसर म्हणतात, डेटा स्वच्छ आहे. मी त्यांना कधी सांगितलं नाही की ते नाव कुणाचं आहे. सांगितलं असतं तर ते मला या कामावरून बाजूला करतील असं वाटलं, आणि खरं तर करायलाही हवं होतं.

बाबा, ते मला माझ्या हाताने लिहायचं आहे. तिला जाऊन सहा वर्षं झाली आणि अजून मी तिचा फोन नंबर खोडलेला नाही. हे कसं लिहू ते सांगा.

तुमची,
शेंग

२१ मे

प्रिय शेंगे,

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आधी हे ऐक: इतक्यात काही लिहू नकोस.

ते झाड म्हणजे खुरटलेली वेल असेल तर मी माझी डिग्री फाडून चहाखाली आग लावीन. तिचं फूल मी जिवंत पाहिलंय. त्याला नळी नाही. कंदिलाला लांब नळी असते, आतल्या बाजूने खाली वळलेले केस, माशी आत गेली की अडकते, आणि दिवसाभराने केस सुकले की सुटते. तुझ्या आईच्या फुलात माशी अडकत नाही. येते, नाक मुरडते आणि जाते. ही दोन्ही एक असतील तर मी आणि शेजारचे दातांचे डॉक्टर एक आहोत.

मग मी तुझं मार्चचं पत्र काढलं. पाकिटातलं पान, असं लिहिलं आहेस. झाडाचं नाही. पाकिटातलं.

शेंगे, ते झाड सापडलं त्या वर्षी तू चार वर्षांची होतीस. तुला मावशीकडे ठेवून आम्ही गेलो होतो. उतरलो होतो त्या विश्रामगृहाच्या कुंपणावर साधी कंदिलाची वेल होती. निघायच्या सकाळी जीप सुरू झाली, मी हाका मारतोय, आणि तुझी आई कुंपणापाशी. म्हणाली, 'शेंगेचं पान राहिलंय.' एक कोवळं पान तोडलं आणि हाताला लागली त्या वर्तमानपत्राच्या घडीत सारलं. त्या घड्यांत आमची झाडं होती.

घरी आल्यावर पान सापडेना. ती जमिनीवर बसून एकेक कागद उलगडत होती आणि तू शेजारी उभी राहून 'माझं पान? माझं पान?' शेवटी तू भोकाड पसरून घर डोक्यावर घेतलंस. तिने तुला बागेतलं दुसरं पान दिलं तर तू ते फेकून दिलंस. म्हणालीस, 'हे तिथलं नाही.' त्या वेळी मला तुझा राग आला होता. आज वाटतं, चार वर्षांची पोर बरोबर बोलत होती, नमुना कुठला ते महत्त्वाचंच.

आपल्याकडे हर्बेरियममध्ये झाडं शीटवर चिकटवायला एक मामा होते. कागदाच्या घडीत सुटं जे सापडेल ते त्याच झाडाचं समजायचं आणि पाकिटात घालायचं, काही फेकायचं नाही, ही शिस्त. त्यांनी ती पाळली असणार. वाळून गोळा झालेल्या कोवळ्या पानावरून वेल की बुटकं हे मलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा तू जे दळलंस ते बहुतेक तुझंच पान. बहुतेक म्हणतो, कारण सिद्ध झालेलं नाही. आणि प्रोफेसरांना आता सांगून टाक, नाव कुणाचं आहे ते.

मे महिन्यात आली नाहीस त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून लिहीत नाही.

बाबा

१२ जून

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत उघडलं, ही चूक झाली. या वेळी धूळ आहे असं सांगून भागलं नाही.

मला ते रडणं आठवत नाही. पण कपाटाच्या दारावर मधोमध एक जागा मोकळी आहे ना? तिथे मी कधी काही चिकटवू दिलं नाही. का, ते मी विसरून गेले होते. फक्त तिथे काही लावायचं नाही एवढं माहीत होतं. इतकी वर्षं ती जागा त्या पानाची होती आणि पान तुमच्या हर्बेरियमच्या कपाटात, बसने जाता येईल इतक्या अंतरावर. आणि जेव्हा माझ्या हातात आलं तेव्हा मी ते दळलं. तिने माझ्यासाठी जीप थांबवून तोडलेलं पान. अर्धं उरलंय, ते रोज उघडून बघते. हात लावत नाही.

प्रोफेसरांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, 'मग सिद्ध करा.' तुमच्या बाईंची परवानगी मागवून मी झाडाच्याच पानाचा कणभर तुकडा कापला. कापताना आईची माफी मागितली. त्यातून काहीच आलं नाही. त्या दौऱ्यात पावसामुळे तुम्ही झाडं स्पिरिटमध्ये भिजवून ठेवली होतीत ना, त्याने सगळं तुटून गेलंय. माझं पान शेवटच्या सकाळी कोरडंच आत गेलं, म्हणून त्याच्यातून सगळं स्वच्छ आलं.

आता एकच उपाय, टेकडीवरचं ताजं पान. ऑक्टोबरअखेरपर्यंत निकाल हातात नसेल तर ते झाड लेखात 'संशयास्पद' म्हणून जाईल, आणि एकदा तसं छापलं की कुणी पुन्हा वळून बघत नाही. बाईंना सांगून कुणाला तरी पाठवा. तुम्ही जाऊ नका. तुमचे गुडघे मला माहीत आहेत.

आणि एक. मला इथे कायमची नोकरी देऊ केली आहे. मार्चमध्येच. तुम्हाला सांगितलं नाही. तिकडे यावंसं वाटतं आणि इथलं काम सोडवत नाही, दोन्ही खरं आहे. संध्याकाळी गच्चीवरचा तो माणूस खुर्ची घेऊन आला की मला उठून घरी जावंसं वाटतं, आणि घर म्हणजे ही खोली नाही.

तुमची,
शेंग

१८ ऑगस्ट

प्रिय शेंगे,

जाऊ नका म्हणालीस, म्हणून गेलो.

कुणाला पाठवणार? ते झाड गवतात गवतासारखं दिसतं. बाईंनी तर ते फक्त शीटवर पाहिलेलं. त्या गाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'सर, तुम्ही गाडीतून बोट दाखवा, मी चढते.' बोट दाखवून ते सापडत असतं तर आणखी काय हवं होतं. काठी घेतली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि चढलो. तुझी आई गेल्यापासून मी तिकडे गेलो नव्हतो. जायचं म्हटलं की काहीतरी काम निघायचं. काम मीच काढायचो.

टेकडी आहे तशीच आहे. अर्धीअधिक, म्हणजे. पलीकडून खाण लागली आहे आणि माथ्यापर्यंत आवाज येतो. आम्ही गेलो होतो तेव्हा इतकी शांतता होती की तुझी आई कुजबुजत बोलायची.

सकाळ सगळी शोधण्यात गेली. बाई वाकून वाकून बघत होत्या, मी काठीने गवत बाजूला करत होतो. काही नाही. दुपारी बाई म्हणाल्या, 'सर, संपलं असेल.' मनात आलं, आपण उशीर केला. सगळ्याच बाबतीत केला. ती शेवटच्या आजारपणात म्हणाली होती, 'एकदा टेकडीवर जाऊ या.' मी म्हटलं होतं, 'बरी हो, मग जाऊ.'

मग गुडघ्याने राम म्हटला. बसावंच लागलं, म्हणजे धपकन पडलोच म्हण, पण तू काळजी करू नकोस, नुसती सूज आहे. बसलो आणि तो वास आला. घाणेरडा. मान वळवली तर माझ्या मांडीशेजारी, गवताच्या बुडाशी, जांभळं फूल.

शेंगे, ते उभ्याने दिसतच नाही. मी विसरलो होतो. तिलाही ते बसल्यावरच दिसलं होतं. बुटात काटा शिरला म्हणून बसली आणि ओरडली, 'अहो, इथे काहीतरी मेलंय.' इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की ते मी शोधलं आणि तिने नोंद केली. शोधलं तिनेच. मी तिच्या हाका ऐकून गेलो.

बाईंना हाक मारली. त्याही बसल्या. मग एकेक करून दिसायला लागली, पुष्कळ नाहीत, पण आहेत. बाईंनी खाणीच्या बाजूच्या कडेपर्यंतच्या जागा टिपून घेतल्या आहेत आणि त्या आता खाणीविरुद्ध अर्ज करणार आहेत. त्यांचे अर्ज मला माहीत आहेत. खाणवाल्यांची कीव येते.

पान आणलं, कोरडं करून पाठवतो आहे. सोबत दुसरंही एक पान आहे. परतताना विश्रामगृहाकडून गाडी घ्यायला लावली. इमारत बंद पडली आहे, पण कुंपण उभं आहे आणि त्याच्यावर वेल आहे. कोवळं बघून तोडलं. ते तुझं. 'हे तिथलं नाही' असं आता म्हणता येणार नाही तुला.

या वेळी पाकिटं वेगळी केली आहेत आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. दळायचं कुठलं आणि ठेवायचं कुठलं ते वाचून मगच उघड.

नोकरीचं मला कळलं. तू होय म्हण. मी काही नळीतले केस नाही तुला धरून ठेवायला. तू यावंस असं मला रोज सकाळी वाटतं, चहा करताना तर फारच वाटतं, पण त्यासाठी तू ते काम सोडलंस तर तुझी आई मला सोडणार नाही. फक्त ये. राहायला नाही तर भेटायला.

बाबा

६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

ती वेगळी आहे.

साध्या वेलीच्या जवळपासही नाही. कंदिलांच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या फांदीवर बसली आहे, आपली आपण, शेजारी कुणी नाही. प्रोफेसर स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, 'तुमच्या आई एकट्याच निघाल्या.' मी म्हटलं, हो, ती तशीच होती, गर्दीत गेली की कोपरा धरायची.

लेख मुदतीत गेला. आता ते झाड कसं लिहायचं ते लिहून दाखवते, तुम्हाला नियम पाठ आहे, पण तरी बघा. आधी आडनाव, कंदीलपुष्प. मग आईचं नाव, जसंच्या तसं. आडनाव बदललं तर ज्याने पहिल्यांदा नाव दिलं त्याला कंसात ठेवायचं, म्हणून मग कंसात तुम्ही. आणि ज्याने नव्या घरी आणलं त्याचं नाव कंसानंतर. म्हणजे मी. जगात कुठेही, कुणीही, ते झाड पूर्ण नावाने लिहिलं तर आपण तिघं एका ओळीत येणार. आपला तिघांचा एकत्र असा एकही फोटो नाही, माहीत आहे ना? कुणीतरी एक नेहमी कॅमेऱ्यामागे असायचं. मी कागदावर ती ओळ लिहिली आणि बराच वेळ नुसती वाचत बसले.

नोकरीला होय म्हटलं. सांगताना वाईट वाटतंय, तुम्हीच म्हणालात तरीही. जानेवारीत येते आहे, महिनाभर. तिकीट काढलंय. शीट पोस्टाने पाठवणार नाही, मांडीवर घेऊन येणार.

एक अडचण आहे. शीटवर दोन चिठ्ठ्या लावायच्या आहेत. नव्या आडनावाची लिहून झाली. तुमची जुनी तशीच राहील, तिच्या वर माझी. दुसरी पाकिटातल्या उरलेल्या अर्ध्या पानाची. ते या झाडाचं नाही हे लिहायलाच हवं, नाहीतर माझ्यानंतर कुणीतरी पुन्हा हीच चूक करेल. नियमाप्रमाणे 'दुसऱ्या वनस्पतीचा अंश, चुकून मिसळलेला' एवढंच लिहितात. तेवढं लिहायला घेतलं आणि 'चुकून'पाशी हात अडला. ती काही चूक नव्हती. तुम्ही सांगा तसं लिहीन.

तुमची,
शेंग

२७ नोव्हेंबर

प्रिय शेंगे,

ती ओळ मी माझ्या हाताने लिहून हर्बेरियमच्या कपाटावर लावली आहे. बाई म्हणाल्या, 'सर, भिंतीवर कागद चिकटवायला मनाई आहे.' मी म्हटलं, ही भिंत नाही, कपाट आहे. त्यांनी पाहिलं, वाचलं आणि चौथ्या कोपऱ्याला टाचणी त्यांनीच लावली.

कंसात बसायची मला सवय आहे. तुझी आई असताना घरात मी तिथेच असायचो.

आता चिठ्ठीचं. शीटवर फक्त वस्तुस्थिती लिहायची: काय, कुठलं, कधी, कुणी गोळा केलं. कशासाठी, ते लिहायचं नाही. अख्ख्या नोकरीत मी ते कुणाला लिहू दिलं नाही. एका विद्यार्थ्याने चिठ्ठीवर 'सुंदर सकाळ' असं लिहिलं होतं, तर त्याला मी सगळं शीट नव्याने करायला लावलं. तो अजूनही मला रस्त्यात टाळतो. आता भेटला तर त्याला चहा पाजीन.

तू असं लिही: 'पाकिटातलं अर्धं पान या जातीचं नाही. साधी कंदिलाची वेल. विश्रामगृहाच्या कुंपणावरून.' आणि तारीख, झाडाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची. मग खाली, गोळा करणारी: तिचं नाव. आणि त्याच्याखाली एक ओळ आणखी: 'मुलीसाठी.' 'चुकून' हा शब्द घालू नकोस. बाईंना मी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, ही वस्तुस्थिती आहे, नियमात बसते.

ते अर्धं पान पाकिटातच राहू दे. शीटवरचं काही काढायचं नाही, हा नियम मात्र मी तुझ्यासाठीही मोडणार नाही. मी पाठवलेलं पान घेऊन ये. कपाटाचं दार आज उघडलं, हळूच. मधली जागा मोकळी आहे. ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि डिंक आणून ठेवला आहे.

बाबा